घेणाऱ्याची सही

कागद यंत्रात घालण्याआधी त्याचा क्रमांक मोठ्याने वाचायचा, असा आमच्याकडे नियम आहे. मी वाचते, परीक्षित यादीवर खूण करतो, मग कागद आत जातो आणि खालच्या पिशवीत त्याच्या शेवया होऊन पडतात. शाहपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसच्या मागच्या खोलीत आठवडाभर आमचं हेच चाललं होतं. पंखा लावला की शेवया उडतात म्हणून पंखा बंद, बाहेर एप्रिलचं ऊन आणि आत परीक्षितची बडबड. व्यसनाचं अर्थशास्त्र हा आमच्या संस्थेचा धंदा. भाव वाढले की माणूस तंबाखू कमी खातो का, दारूवरचे पैसे कुठल्या खर्चातून काढतो, उद्याचं नुकसान डोळ्यांसमोर दिसत असताना आजचा बार का भरतो, हे आम्ही बावीस पानांच्या प्रश्नावलीतून शोधून काढतो. निदान तसं अहवालात लिहितो. अभ्यास संपून दोन वर्षं झाली की लोकांची नावगावं असलेले कागद नष्ट करायचे. एक हजार आठशे चाळीस माणसं होती, त्यांतली निम्म्याहून जास्त करोंदच्या मंडीतली. हमाल, वजन करणारे तोलारे, ट्रकवाले. त्या दुपारपर्यंत त्यांतली बरीचशी शेवया झाली होती आणि मला, खोटं कशाला बोलू, मजा येत होती. मग एका खोक्याच्या तळाशी दोऱ्याने बांधलेला एक लहान गठ्ठा निघाला. मी वरचा कागद उचलला आणि सवयीने वाचलं, "चाचणी, क्र..." परीक्षित म्हणाला, "अगं, हे पायलटवालं आहे, याची लिस्ट अलग आहे, जरा थांब." तो यादी शोधायला गेला आणि रिकाम्या हातांनी काय करायचं म्हणून मी पहिलं पान पाहिलं. उत्तरदात्याचं नाव, नरहर बोधनकर. वय सदुसष्ट. व्यवसाय, निवृत्त तंत्रज्ञ. अक्षर माझं होतं. नावही माझंच, म्हणजे माझ्या नावाच्या पुढे लागतं ते. माझे बाबा. त्यांना जाऊन तेव्हा तेरा महिने झाले होते.

नवी प्रश्नावली बाहेर नेण्याआधी घरच्यांवर करून बघायची, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. कुणाची बायको, कुणाचा मेहुणा, कुणाचा घरमालक. त्यांच्या उत्तरांशी काही देणंघेणं नसतं. वाक्य अडखळतं का, कुठल्या प्रश्नाला किती सेकंद लागतात, एवढंच बघायचं. बाबा चाळीस वर्षं तंबाखू खाणारे, मग मी गिऱ्हाईक शोधायला दूर कशाला जाऊ? डिसेंबरातला रविवार होता. बाबा बाल्कनीत उन्हाला बसले होते, डाव्या तळव्यावर तंबाखू, उजव्या अंगठ्याने मळणं चाललेलं. दोन तोंडांची ती स्टीलची डबी, एका बाजूला तंबाखू आणि दुसऱ्या बाजूला चुना, खुर्चीच्या हातावर. मी मोबाइलवर वेळ लावली आणि म्हटलं, "बाबा, आता मी तुमची मुलगी नाही. मी सर्वेवाली. आणि सगळं हिंदीत." प्रश्न छापल्याप्रमाणे शब्दशः वाचायचे, हा नियम, आणि छापलेले हिंदीत. बाबांना गंमत वाटली. ते सावरून बसले, बंडीची बटणं लावली आणि म्हणाले, "पूछिए, मॅडम." आतून आईचं हसणं ऐकू आलं. आमच्या घरात हिंदी बाहेर चपलांबरोबर काढून ठेवायची असते. दूधवाल्याशी, रिक्षावाल्याशी, बाबांच्या कारखान्यात, माझ्या ऑफिसात, सगळीकडे हिंदी. उंबऱ्याच्या आत मराठी. कारखान्याच्या पिपलानीतल्या क्वार्टरमध्ये असताना मी शाळेतून आल्या आल्या हिंदीत काही म्हटलं तर आई ऐकू न आल्यासारखं करायची. त्यामुळे घरात कुणी हिंदी बोलायला लागलं की ते नाटक, नक्कल, थट्टा. त्यात खरं काही नसायचं.

मी कागद उलटत गेले. मला काय शोधायचं होतं ते मला माहीत नव्हतं, बोटांना बहुधा माहीत असावं. पान चौदा. प्रश्न चौतिसावा. पिछले तीन महीनों में क्या आपके मुँह में ऐसा कोई छाला, घाव या सफ़ेद-लाल चकत्ता हुआ है जो ठीक न हुआ हो? त्याखाली हाँ आणि नहीं. हाँ भोवती माझ्या पेनचं गोल. आणि समासात, पेन्सिलीने, माझ्या त्या बारक्या, हुशार अक्षरात: 'वाक्य लांब, तोडावं. उत्तरदाता आपणहून "बाईं तरफ" सांगतो. बाजू विचारायची गरज नाही. चौदा सेकंद.' मी पान उलटलं. पुढच्या पानावर आमचा तो नेहमीचा प्रश्न, आज पाचशे रुपये घ्याल की महिन्याने सातशे, की वर्षाने हजार? दोन्ही वेळा आज. त्याच्या समोर मी लिहिलं होतं, 'अधीर, नमुनेदार.' मला ते आठवलं. मी हसले होते. म्हटलं होतं, बाबा, तुम्ही अगदी पुस्तकातल्यासारखे अधीर निघालात. आणि ते मळलेली तंबाखू दोन बोटांत धरून, उजव्या गालात ठेवत म्हणाले होते, "साल भर का क्या भरोसा, मॅडम." उजव्या गालात. चाळीस वर्षं डाव्या गालात ठेवणारा माणूस उजव्या गालात तंबाखू ठेवत होता आणि मी, जिला मंडीतल्या हमालाने पाण्याचा घोट कुठल्या बाजूने घेतला यावरून शंका यायची, मी मोबाइलवरचे आकडे बघत होते.

बाबांनी सांगितलं नाही. हे वाक्य गेलं दीड वर्ष आमच्या घराचा टेकू होतं. ऑगस्टमध्ये, त्या रविवारनंतर आठ महिन्यांनी, त्यांना भाकरीचा तुकडा चावता येईना, मग गालावर सूज, मग डॉक्टर, मग तपासणीसाठी काढलेला तुकडा, मग ते नाव. डॉक्टर म्हणाले, सहा-आठ महिने आधी यायला हवं होतं. मी कॉरिडॉरमध्ये बाबांवर ओरडले. लोक वळून बघत होते इतकी ओरडले. तुमची मुलगी दिवसभर लोकांची तोंडं तपासत फिरते आणि तुम्ही तिला सांगत नाही? सांगायचं काय जड जात होतं तुम्हाला? बाबा बाकावर बसले होते. त्यांनी पायातल्या चपलांकडे बघितलं आणि म्हणाले, "चुकलंच." एवढंच. पुढे डावा जबडा काढला, बोलणं गेलं. एक वही दिली होती, तिच्यावर लिहायचे. पाणी. पंखा कमी. शारदा जेवली का, म्हणजे आई. त्या वहीतही त्यांनी कधी लिहिलं नाही की मी तुला सांगितलं होतं. वर्षभर भेटायला येणारी माणसं, नागपूरची आत्या, क्वार्टरमधले जुने शेजारी, सगळे फिरून फिरून माझ्याकडेच बघायचे. अगं, तू तर त्यातलीच, तुझ्या कसं लक्षात नाही आलं? आणि मी तोंड उघडायच्या आत आई पुढे सरकायची. चहाचा कप हातात देत तेच वाक्य, त्याच चालीत: "त्यांनी कुणाला काही सांगितलंच नाही हो. तोंड मिटून बसले." मला वाटायचं, आईचा राग गेला नाही. मेलेल्या माणसावर इतका राग धरू नये, असंही वाटायचं. पण त्या वाक्याच्या आडोशाला मी बसत होते हे खरं. रात्रीची झोप मला त्या वाक्याने दिली होती. बाबांनी लपवलं, म्हणून मला कळलं नाही. सरळ हिशेब.

आणि आता हे गोल. मी खुर्चीवर बसले. परीक्षित यादी घेऊन आला, त्याने माझ्याकडे पाहिलं, विचारलं, "तबियत ठीक आहे ना?" मी म्हटलं, उकडतंय. तो पाणी आणायला गेला आणि तेवढ्यात मला दुसरं आठवलं. चाचणीनंतरची बैठक. आम्ही सगळे टेबलाभोवती, प्रत्येकाने आपापल्या घरचे अनुभव सांगायचे. मी म्हटलं होतं, आणि चांगलं ठासून म्हटलं होतं, की माझ्या चाचणीत चौतिसाव्या प्रश्नाला एक 'हाँ' आलंय, उद्या मंडीत असं कुणी म्हटलं तर आपण काय करणार? नुसतं गोल करून पुढे जाणार? सगळ्यांना पटलं. माझं कौतुक झालं. त्यातून पिवळ्या चिठ्ठ्या आल्या. हो म्हणणाऱ्याच्या हातात पिवळी चिठ्ठी द्यायची, दवाखान्याचं नाव, वार, वेळ, आणि आठ दिवसांनी फोन करून विचारायचं, गेलात का. एकसष्ट चिठ्ठ्या दिल्या आम्ही. त्यांतले किती तरी वेळेवर पोचले. एक तोलारा अजून दिवाळीला फोन करतो, मॅडम, खा-पी रहा हूँ. म्हणजे ते 'हाँ' मी ऐकलं होतं. ऐकलं होतं, लक्षात ठेवलं होतं, टेबलावर मांडलं होतं, त्याच्यावरून भांडले होते. फक्त ते बाबांचं होतं हे माझ्या मनात आलं नाही. एका उत्तरदात्याचं होतं. चौदा सेकंदांचं. बाबा करोंदच्या मंडीत पोती उचलत असते तर वाचले असते, असं मला वाटलं, आणि हे वाटल्यावर मला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. परीक्षितने पाणी दिलं, मी प्यायले. यादीत चाचणी क्रमांक एक असं होतं तिथे तो खूण करायला थांबला होता. मी म्हटलं, "तो नाहीये गठ्ठ्यात. गहाळ लिही." कागद माझ्या ओढणीखाली होता. नोकरीच्या चौदा वर्षांत मी यादीत पहिल्यांदा खोटं लिहून घेतलं.

घर चालत दहा मिनिटांवर. मी तलावाच्या बाजूने लांबून गेले, पर्स पोटाशी धरून. एकच प्रश्न होता आणि तो कुठल्याही बाजूने उलटा केला तरी तसाच राहत होता. आईला सांगायचं का? सांगितलं तर बाबांवरचा ठपका पुसला जाईल, पण मग तिच्यासमोर रोज जेवायला बसायचं कसं? आणि न सांगितलं तर उद्या कागद पुन्हा ऑफिसात नेऊन यंत्रात घालता येईल, चाळीस सेकंदांचं काम. आई म्हणत राहील, तोंड मिटून बसले, आणि मी ऐकत राहीन. तलावाकाठच्या बाकांवर म्हातारी माणसं बसली होती. एक जण तंबाखू मळत होता, टाळी मारून भुकटी उडवली, तो वास आला. बाबांच्या रुमालाला, पासबुकाला, मी सातवीत असताना त्यांनी माझ्या वहीला घातलेल्या खाकी कव्हरालासुद्धा हाच वास. मला तो आवडायचा. हे मी कुठल्याच अहवालात लिहिलेलं नाही. बाबांचं एक होतं, कुठलीही गोष्ट दोनदा सांगायची नाही. कारखान्यात ते मोठ्या मोटारींच्या देखभालीला होते. पाळी बदलताना रजिस्टरात लिहायचं, अमुक यंत्र गरम होतंय, तमुक बेअरिंगला आवाज आहे. खाली देणाऱ्याची सही, वेळ, आणि घेणाऱ्याची सही. एकदा लिहिलं की ती गोष्ट पुढच्या पाळीची. तिच्या मागे लागायचं नाही, तो पुढच्या माणसाचा अपमान. घरातही तेच. नळ गळतो, हे एकदा कॅलेंडरवर लिहायचे आणि मग आठ आठ दिवस थेंब मोजत गप्प बसायचे, पण पुन्हा बोलायचे नाहीत. आई वैतागायची. बोला की तोंडाने! तर म्हणायचे, लिहिलंय ना. आणखी एक आठवलं आणि मी चालता चालता थांबले. त्या हिवाळ्यापासून मी ऑफिसातून आले की बाबा विचारायला लागले होते, "काय मग, आज काही विशेष?" आधी कधी विचारत नसत. मी पर्स सोफ्यावर टाकायची आणि म्हणायची, काही नाही बाबा, दमले. रोज. मार्चमध्ये कधीतरी त्यांनी विचारणं सोडून दिलं, आणि मला बरं वाटलं होतं.

आई कोथिंबीर निवडत होती. मी चपला काढल्या, हातपाय धुतले नाहीत, तशीच तिच्यासमोर बसले आणि कागद ताटाच्या बाजूला ठेवला. सांगायचं असं काही ठरवलं नव्हतं; न सांगता आत जायला जमलं नाही, इतकंच. पान चौदा उघडून मी सांगायला लागले. मला वाटलं होतं सलग सांगता येईल, पण मधूनच मी प्रश्नाला लागलेला वेळ कसा मोजतात हे समजावून सांगत बसले, चौदा सेकंद म्हणजे जास्त कसे, आणि आई देठं खुडत ऐकत होती. शेवटी मी म्हटलं, "आई, त्यांनी सांगितलं होतं गं. मला सांगितलं होतं." आईचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, कोथिंबिरीकडेच बघत म्हणाली, "माहीत आहे मला."

मला आधी कळलंच नाही. मग ती बोलायला लागली, हळूहळू, जसं काही फार दिवस घडी करून ठेवलेलं उलगडत होती. त्या रविवारी संध्याकाळी बाबा स्वयंपाकघरात आले होते. म्हणाले, तोंडातलं ते मंजूला सांगितलं आज. तिने लिहून घेतलंय. तोवर आईच त्यांच्या मागे लागली होती, मंजूला दाखवा, मंजूला दाखवा. त्यांना लेकीसमोर आ करून उभं राहायची लाज वाटायची. तंबाखू सोडा म्हणून तू लहानपणी पाया पडायचीस ना त्यांच्या, आई म्हणाली, त्याची लाज. तू मॅडम होऊन विचारलंस म्हणून त्यांना सांगता आलं. तसं नसतं तर त्यांनी सांगितलंच नसतं. मग दोघं वाट बघत बसले. तू ऑफिसातून आलीस की तुझ्या पर्सकडे बघायचे, आज काही कागद काढेल, डॉक्टरची वेळ घेतली म्हणेल. आई म्हणाली की तिने दोनदा ठरवलं होतं मला विचारायचं, पण बाबा म्हणाले, तिथं नियमाने काम चालतं, तिची पाळी आहे, तिला करू दे. आणि मलाही वाटलं, आई म्हणाली, तुला सगळं ठाऊक, तू गप्प आहेस म्हणजे साधंच काही असेल. मी म्हटलं, "मग तू सगळ्यांना ते का सांगत होतीस? की त्यांनी सांगितलं नाही म्हणून?" आईने देठं एका बाजूला सारली. "तू ओरडलीस ना दवाखान्यात, त्या दिवशी रात्री त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, तिला आठवत नाहीये. आठवू द्यायचं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचं, मी सांगितलं नाही. तेवढं करशील ना? म्हणून म्हणत होते. मला काय हौस होती त्यांना नावं ठेवायची?" मग ती रडायला लागली. नवरा गेला तेव्हा नीट रडली नव्हती, आलेल्यांना चहा देत, तेच वाक्य म्हणत राहिली होती. आता कोथिंबिरीच्या हातांनीच डोळे पुसत रडली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. मला तिची माफी मागायची होती आणि कुठल्या गोष्टीपासून सुरुवात करावी ते कळत नव्हतं.

नंतर तिने चष्मा लावून कागद हातात घेतला. पानं उलटत उलटत शेवटच्या पानावर गेली, जिथे उत्तरदात्याची संमती असते. तिथे बाबांची ती नागपुरी वळणाची सही, तिच्याखाली तारीख आणि वेळ, चार चाळीस. संमतीत वेळ कुणी लिहीत नाही. आणि वेळेच्या खाली, जिथे छापलेलं काहीच नव्हतं, तिथे त्यांनी पेनने एक आडवी रेघ मारली होती, सरळ, पट्टी लावल्यासारखी. रेघेवर काही नव्हतं. मी ती तेव्हाही पाहिली असणार. म्हाताऱ्या माणसाची सवय म्हणून सोडून दिली असणार. आई म्हणाली, "ही तुझी जागा."

तिने कॅलेंडरला दोऱ्याने बांधलेलं पेन सोडून आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मी म्हटलं, "आता काय उपयोग, आई." ती म्हणाली, "अर्धवट राहिलेलं त्यांना आवडायचं नाही." मी पेन उचललं तर तिने माझ्या हातावर हात ठेवला. "अशी नाही. आधी वाचायचं, मग सही. ते तसंच करायचे."

मग मी वाचलं. पहिल्या पानापासून, छापलेलं हिंदी बाजूला ठेवून, मराठीत. नाव काय, वय किती, कितव्या वर्षी पहिल्यांदा खाल्ली, कुणी दिली. आई मधूनमधून मान हलवत होती. चौतिसाव्या प्रश्नाशी मी थांबले. वाक्य खरंच लांब होतं. मी ते तोडलं.

"बाबा, तोंडात काही झालंय का? बरं न होणारं?"

"हो," आई म्हणाली. "डाव्या बाजूला."

राहिलेली पानंही वाचली, एकही प्रश्न न गाळता. मग त्या रेघेवर सही केली. तारीख आजची घातली, मागची घालणं त्यांना चाललं नसतं. खाली वेळ लिहिली, सात वाजून वीस मिनिटं.